ओळीवर ठेवलेलं बोट

आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या बाईंनी उभ्या आयुष्यात पुराव्यावाचून एकही गोष्ट मानली नाही. सूर्य पूर्वेला उगवतो हे त्यांना मान्य होतं, पण तेही पुस्तकात छापलंय म्हणून नव्हे, तर केळव्याला त्यांच्या वाडीतल्या पोफळींमागून तो रोज वर येताना त्यांनी स्वतः पाहिला होता म्हणून. हेडसरांनी स्टाफरूमच्या दारात येऊन 'उद्या सुट्टी बरं का' म्हटलं की आम्ही बाकीचे मनातल्या मनात गावाला पोचलेले असायचो, आणि बाई शांतपणे विचारायच्या, "परिपत्रक कुठे आहे?" एकदा ते खरोखरच आलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सगळी शाळा घरी लोळत पडली आणि बाई एकट्या छत्री टेकून बंद फाटकाशी उभ्या होत्या. साडेअकराला तपासणीची गाडी आली तेव्हा शाळेची अब्रू राखायला तेवढ्या एकट्याच हजर होत्या. त्यानंतर हेडसर सुट्टी सांगायला येताना कागद हातात घेऊनच यायचे.

बाई सहावी-सातवीला इतिहास आणि मराठी शिकवायच्या. मी गणिताचा. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या अकरा वर्षं शेजारी शेजारी होत्या, हे मी मुद्दाम आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याची मला लाज वाटणार आहे. मराठीच्या तासाला बाईंचा एकच मंत्र असे: बोट ठेव. कवितेचा अर्थ विचारल्यावर एखादा पोरगा वहीतून पाठ केलेलं म्हणायचा, "कवी दुःखी आहे." बाई म्हणायच्या, "असेल. कुठे? बोट ठेव." पोरगा पुस्तकावर बोट फिरवत राहायचा. दुःख सापडलं नाही तर बाई त्याला रागवत नसत, "मग ते दुःख तुझं असेल, कवीचं नसेल. ते वेगळ्या वहीत लिही," म्हणायच्या. त्यांच्या वर्गातली पुस्तकं ओळीओळीखाली काळी पडलेली असायची. बोईसरच्या बाजारात एकदा मी त्यांच्याबरोबर होतो. कोळणीने पापलेट पुढे केलं, "ताजा हाय, बाय, घे." बाईंनी सवयीने विचारलं, "कशावरून?" कोळणीने कल्ला उघडून दाखवला. "हा बग. लाल हाय का नाय? आता तूच सांग." बाई इतक्या खूश झाल्या की घासाघीस करायची विसरल्या, आणि दुसऱ्या दिवशी सातवीला त्यांनी सांगितलं की काल मला एक उत्तम इतिहासकार भेटली.

इतिहासाच्या वहीत त्या तीन रकाने आखून घ्यायच्या. पहिल्यावर लिहायचं 'काय वाटतं', दुसऱ्यावर 'कशावरून', आणि तिसऱ्यावर 'आणखी काय असू शकेल'. पहिले दोन कोणीही भरतो, असं त्यांचं म्हणणं. माणसाची अक्कल तिसऱ्यात दिसते. सिंधूकाठची माणसं, मेसोपोटेमियातल्या मातीच्या पाट्या, चीनमधली हाडांवर कोरलेली अक्षरं, सगळं त्या तीन रकान्यांतून जायचं. सराव म्हणून मधल्या सुट्टीनंतर रिकाम्या डब्यांचं उत्खनन चाले. डबा कोणाचा ते न सांगता वर्गात ठेवायचा आणि उरलंसुरलं बघून खाणारी माणसं कुठली, काय पिकवतात, कोणत्या ऋतूत जगतात ते मुलांनी सांगायचं. एका श्रावणात पोरांनी स्टाफरूममधून एक डबा पळवून नेला. वहीत नोंद झाली: 'काय वाटतं: हा माणूस श्रावण पाळत नाही. कशावरून: कोपऱ्यात सुक्या करंदीचं एक डोकं सापडलं. आणखी काय असू शकेल: डोकं आषाढातलं असेल आणि डबा नीट घासला जात नसेल.' डबा हेडसरांचा होता. ते गेली कित्येक वर्षं श्रावणात आम्हाला सात्त्विक आहारावर व्याख्यान देत. बाईंनी तिसऱ्या रकान्याला पैकीच्या पैकी गुण दिले आणि हेडसरांनी व्याख्यान बंद केलं.

एवढ्या करड्या बाईंची स्वतःची मागणी मात्र अगदी लहान होती. फेब्रुवारीअखेर त्या निवृत्त होणार होत्या, आणि त्यांना शेवटच्या दिवशी सातवीच्या वर्गातून बाहेर पडायचं होतं. सत्कार नको, शाल नको, नारळ तर वाडीत पायलीचे पन्नास पडलेत. त्यांच्या आधीच्या एका शिक्षकांना शेवटचं वर्षभर जुन्या कपाटांच्या याद्या करायला बसवलं होतं, आणि ते गृहस्थ निरोपाच्या दिवशी कपाटाकडे बघत रडले होते. बाईंच्या ते मनात बसलं होतं. "सर, माझ्या हाताला खडू लागलेला असताना मला घरी जायचंय," असं त्या मला रिक्षाची वाट बघताना म्हणाल्या होत्या. मी हसून 'त्यात काय अवघड आहे' म्हटलं. तेव्हा त्यांनी पुरावा मागितला नाही, याचं मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं.

त्या वर्षी जूनमध्ये सातवीत सस्मिता नावाची मुलगी आली. वडील कारखान्यात, राहायला सरावली गावातल्या खोल्यांमध्ये, आणि सहावीपर्यंतचं शिक्षण ओडिशात. बोलायची हिंदी, आणि अक्षरं ओळखीची फक्त तिच्या गावची. पहिल्याच दिवशी बाईंनी तिला धडा वाचायला उभं केलं आणि ती पुस्तक हातात धरून उभीच राहिली. मागून कोणीतरी फिसकन हसलं. बाईंनी फळ्यावर सिंधूच्या मुद्रेवरची चार चिन्हं काढली आणि हसणाऱ्या पोराला, म्हणजे पाम गावच्या संदेशला, म्हटलं, "तू वाच." संदेश म्हणाला, "मला नाय येत." वर्गात सगळ्यांना विचारून झालं. मग बाई म्हणाल्या, "जगातल्या एकाही माणसाला ही लिपी अजून वाचता आलेली नाही. मोठमोठे पंडित हरले. म्हणून तिला कोणी टाकून दिलंय का? जे वाचता येत नाही, त्याच्या शेजारी बसून राहायचं असतं." आणि त्यांनी संदेशला उठवून सस्मिताच्या शेजारी बसवलं. तो तिला रोज बोट धरून अक्षरं दाखवायला लागला. दिवाळीपर्यंत ती मराठी वाचू लागली, फक्त ओडिशाची ती मुलगी बोलताना थेट पामची वाटायची.

आता माझी लाज सांगतो. त्याच पावसाळ्यापासून बाई सकाळी मला म्हणायच्या, "सर, चष्मा विसरले, जरा मथळे वाचा." मी वाचायचो. परिपत्रक आलं की म्हणायच्या, "तुमच्याच आवाजात ते शोभतं, वाचा." मी फुशारून जाऊन खणखणीत वाचायचो, वर सही कुठे करायची तेही बोटाने दाखवायचो. सहामाहीच्या उत्तरपत्रिका त्यांनी घरी नेल्या नाहीत. वर्गातच मुलांनी एकमेकांची उत्तरं मोठ्याने वाचायची, बाईंनी ऐकून गुण सांगायचे, आणि वाचणाऱ्याने ते लिहायचे. हेडसरांना ही पद्धत भलतीच आवडली. शिक्षकांच्या सभेत त्यांनी तिला 'श्रवणाधारित मूल्यमापन' असं नाव दिलं आणि आम्हा सगळ्यांना ती शिकून घ्यायला सांगितलं. मी टाळ्या वाजवल्या. गणिताचा माणूस, दोन आणि दोन डोळ्यांसमोर मांडून ठेवले होते आणि मला चार करता आले नाहीत.

ते चार सातवीने केले होते. दिवाळीनंतर एकदा बाई रजेवर होत्या म्हणून मला त्यांच्या वर्गावर पाठवलं. मुलांना गणितं घालून मी वेळ घालवायला टेबलावरची उत्खननाची वही उघडली. हेडसरांच्या डब्याच्या पुढे पाच-सहा पानं सोडून एक पान होतं. रकाने पट्टीने आखलेले, अक्षरं वेगवेगळ्या हातांची. पहिल्या रकान्यात एकच वाक्य: 'बाईंना वाचता येत नाही.' दुसऱ्या रकान्यात आकडे घालून लिहिलेलं. एक, बाई पुस्तक उघडतात पण पान उलटत नाहीत. दोन, हजेरी घेताना हजेरीपट बंद होता. तीन, फळ्यावर लिहिताना ओळीवर ओळ आली. चार, बोलताना बाई आमच्या तोंडाकडे नाही, कानाकडे बघतात. पाच, संदेशने कोरी वही दाखवली आणि बाईंनी बरोबरची खूण केली. मग त्याला वाईट वाटलं आणि त्याने घरी जाऊन सगळा अभ्यास लिहिला. तिसरा रकानाही भरलेला होता: 'आम्ही वाचलेलं बाईंना आवडत असेल.' आणि रकान्यांच्या खाली, नव्याने शिकलेल्या वाकड्या अक्षरात सस्मिताने लिहिलं होतं, 'काय करायचं: शेजारी बसून राहायचं.'

मी वर पाहिलं तर वर्गातली एकही पेन्सिल हलत नव्हती. संदेश उठून उभा राहिला. "सर, तुमी हेडसरांना नाय ना सांगणार? बाईंना कपाटं मोजायला बसवतील." मी 'नाही' अशी मान हलवली आणि तासाची घंटा होईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो. अकरा वर्षं ज्यांच्या शेजारी बसलो, त्यांच्या डोळ्यांत काय झालंय ते बारा वर्षांच्या पोरांनी ओळखलं होतं, आणि मी त्यांना मथळे वाचून दाखवून स्वतःवर खूश होत होतो. मला फार मोठा माणूस असल्यासारखं वाटायचं तेव्हा. त्या दिवशी ते उतरलं.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये कोणी नसताना मी बाईंना विचारलं, "कधीपासून?" त्या म्हणाल्या, "पुरावा काय?" मी वही पुढे केली आणि मग माझी चूक लक्षात येऊन ती परत घेतली आणि वाचून दाखवली. पाचही पुरावे त्यांनी डोळे मिटून ऐकले. मी थांबलो तर म्हणाल्या, "तिसरा रकाना भरलाय का?" मी तोही वाचला. त्यांच्या चेहऱ्यावर मला दुःख दिसेल असं वाटलं होतं ते नव्हतं. होता तो अभिमान, आणि तो लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. "रीत बरोबर आहे. चौथा पुरावा तर उत्तम. दहापैकी नऊ," त्या म्हणाल्या. "एक का कापला?" "साक्षीदार जिवंत असताना त्याला विचारायला हवं होतं." मग त्यांनी सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार, चष्म्याने न सुधारणारा. कडेचं दिसायचं, मधलं दिसायचं नाही. "तुमच्याकडे बघितलं की चेहरा जातो आणि मागचं कपाट दिसतं. तसं फार नुकसान नाही," असं म्हणून त्या हसल्या, आणि लगेच त्यांचं हसू गेलं. "फेब्रुवारीपर्यंत, सर. तेवढंच हवंय." मी त्यांना काही वचन दिलं नाही. पण त्या दिवसापासून मी परिपत्रक त्यांनी मागायच्या आधीच वाचायला लागलो.

डिसेंबरमध्ये वरून तपासणी आली. आलेले साहेब सौम्य होते, आल्या आल्या त्यांनी मुलांना बसायला सांगितलं, पण त्यांच्या तक्त्यात त्या वर्षी 'शिक्षकाचे आदर्श वाचन' असा एक रकाना होता आणि तो भरल्याशिवाय त्यांना जाता येणार नव्हतं. हेडसर आणि मी वर्गात मागे उभे होतो. साहेबांनी पिशवीतून एक छापील उतारा काढून बाईंच्या हातात दिला. बाई म्हणाल्या, "आमच्या वर्गात मुलं वाचतात." साहेब म्हणाले, "छानच. आज तुम्ही वाचा." बाईंनी कागद धरला. पुढच्या बाकावर संदेशला तो कागद मागून येणाऱ्या उजेडात आरपार, उलटा दिसत असावा, कारण तो मान वाकडी करून त्यातली पहिली ओळ पुटपुटायला लागला. पोरांनी ते आधीच ठरवून ठेवलं होतं हे उघड होतं. त्याने हळू सांगायचं, बाईंनी मोठ्याने म्हणायचं. ते जमलंही असतं. साहेब तक्त्यात डोकं घालून बसले होते.

"संदेश, थांब," बाई म्हणाल्या. "साहेब, मला ही ओळ दिसत नाही. मला गेले सहा-सात महिने कुठलीच ओळ दिसत नाही. ज्या ओळीवर मला बोट ठेवता येत नाही, ती वाचल्याचं सोंग मी या मुलांसमोर कसं करू?" साहेबांनी पेन खाली ठेवलं. हेडसर माझ्याकडे बघायला लागले. मी जमिनीकडे बघत होतो. मला त्या क्षणी बाईंचा राग आला होता, हे कबूल करतो. दोन महिने राहिले होते. एवढंसं सोंग केलं असतं तर जगाचं काय बिघडणार होतं? पण मग मी सातवीकडे पाहिलं. पोरं ताठ बसली होती, आणि सस्मिता रडत होती तरी तिने मान खाली घातली नव्हती.

हेडसर वाईट माणूस नाहीत. ते फक्त कागदाला घाबरतात. साहेबांनी शेऱ्यात जे खरं ते लिहिलं आणि हेडसरांना ते पाळावं लागलं. बाईंना वर्गातून काढून ग्रंथालयात बसवण्यात आलं. आमचं ग्रंथालय म्हणजे गच्चीकडच्या खोलीतली दोन कपाटं, नकाशांच्या गुंडाळ्या आणि एक सांगाडा, तोही जीवशास्त्रवाल्यांनी टाकून दिलेला. सातवीचा इतिहास आणि मराठी माझ्या गळ्यात पडलं. इतिहासात माझी मजल आमच्या घराण्यातल्या आजोबांपलीकडे कधी गेली नव्हती, तेव्हा पहिल्याच तासाला मी मुलांना म्हटलं, "मला यातलं ओ की ठो कळत नाही. संदर्भ पाहायला ग्रंथालयात जावं लागेल." सगळा वर्ग असा पटकन उठला की बाक मागे पडले. त्या दिवशी संदर्भ पाहायचे होते, दुसऱ्या दिवशीही होते, आणि मग रोजच लागायला लागले. बाई खुर्चीत बसून विचारायच्या, "कुठे? बोट ठेव," आणि पोरं जमिनीवर बसून बोट ठेवायची. मी सांगाड्याशेजारी बसून पहिल्यांदाच नीट इतिहास शिकलो. बाईंनी मात्र एकदाही त्याला वर्ग म्हटलं नाही. "तुम्ही ग्रंथालयात येता, बरं वाटतं," एवढंच म्हणायच्या, आणि ते ऐकून मला वाईट वाटायचं.

आमच्या शाळेत वर्गांच्या दारांवर लाकडी पाट्या आहेत. कोणा सुतार पालकाने हौसेने अक्षरं कापून वर ठोकून दिलेल्या. जानेवारीत एक दिवस सातवीच्या दारावरची पाटी नाहीशी झाली आणि गच्चीकडच्या खोलीच्या दारावर दिसली. हेडसर जिना चढून आले, पाटीसमोर उभे राहिले, त्यांनी आत डोकावलं. आत बाई मुलांकडून कविता वाचून घेत होत्या. हेडसर मला बाहेर बोलावून हळूच म्हणाले, "पाटी काढायला सुतार लागेल. आपला सुतार तर गावाला गेलाय, नाही का?" सुतार खाली पटांगणात बाक दुरुस्त करत होता. मी म्हटलं, "हो सर, मार्चमध्ये येणार म्हणाला." ते मान हलवून जिना उतरले. त्या दिवसापासून मी त्यांच्या करंदीबद्दल कोणाला सांगत नाही, आत्ता सांगितलं तेवढं सोडून.

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी बाईंनी पिशवी आवरली. शाल नव्हती, नारळ नव्हता. मुलं उभी होती. बाई म्हणाल्या, "एक राहिलं माझं. सातवीच्या वर्गातून बाहेर पडायचं होतं. असू दे. ग्रंथालयही काही वाईट नाही." तेव्हा सस्मिता पुढे आली. "बाई, हे ग्रंथालय नाय हाय. ही सातवी हाय."

बाई थांबल्या. "पुरावा?"

सस्मिताने त्यांचा हात धरून त्यांना दारापर्यंत नेलं, त्यांचं बोट उचललं आणि पाटीवर ठेवलं. बाईंचं बोट लाकडावरून हळूहळू सरकलं. 'सा'. 'त'. मग 'व'च्या वेलांटीवरून वर जाऊन खाली आलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. शेजारी संदेश खडू घेऊन उभा होता. तो त्याने त्यांच्या दुसऱ्या हातात दिला. त्यानंतर बाईंना रडू आलं आणि त्यांनी तेही लपवलं नाही.

आता रविवारी मी पालघरहून केळव्याला जातो. मुंबईची माणसं किनाऱ्याकडे चाललेली असतात, मी वाडीकडे वळतो. पाटाकडेच्या बाकड्यावर बाई बसलेल्या असतात, मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवतो. मध्येच एखाद्या बातमीला त्या हात वर करून मला थांबवतात.

"कुठे लिहिलंय? बोट ठेवलंत का, सर?"

त्यांना दिसत नाही. नुसतं हो म्हटलं तरी चालेल. पण माझं बोट ओळीवर असतं.

"ठेवलंय, बाई."

"मग वाचा पुढे."